चोळीवरून घेतलेलं माप

माझ्या आईच्या गळ्यात मंगळसूत्राखेरीज आणखी एक गोष्ट असे. लाल दोऱ्यात ओवलेला, रुपयापेक्षा थोडा लहान, चांदीचा पातळ पत्रा. त्यावर एका बाईची उभी आकृती ठोकून उठवलेली होती. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, तोंडाच्या जागी एक रेघ, हात अंगाशी चिकटलेले. याला टाक म्हणतात. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा आणि भवानीचा असे दोन टाक होते, त्यामुळे आईच्या गळ्यातलीही कुणीतरी देवीच असावी, असं मी सात वर्षांची होईपर्यंत धरून चालले होते.

पितृपक्षातल्या नवमीला आई दरवर्षी एका सवाष्णीला जेवू घाली. त्या वर्षी मी तिला विचारलं, हे कुणासाठी? आई पुरण वाटत होती. हात न थांबवता तिनं गळ्याकडे हनुवटीनं दाखवलं आणि म्हणाली, "इच्यासाठी. तुह्या ताईची माय हाय थे."

असं मला कळलं की ताई माझी सख्खी बहीण नव्हती. तिला ते आधीपासून माहीत होतं. तिची आई ती वर्षाची असताना तापानं गेली. पुढची दोन वर्षं तिला आत्यानं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीनं, गावी सांभाळलं. मग बाबांनी माझ्या आईशी लग्न केलं. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, तिला रोज हळदकुंकू वाहायचं, म्हणजे ती त्रास देत नाही, असा रिवाज होता. लग्नाच्या दिवशी आत्यानंच तो आईच्या गळ्यात बांधला.

आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात दोन खोल्यांत राहत होतो. बाबा सरकी काढायच्या जिनात कापसाची प्रत पाहण्याचं काम करत. गाडीतला मूठभर कापूस उचलून, दोन बोटांनी धागा ओढून, तो कोणत्या भागातून आला असावा हे ते सांगत आणि बहुधा बरोबर सांगत. आई घरी हाताच्या मशीनवर बायकांच्या चोळ्या शिवी. ती शाळेत गेलेली नव्हती. मापं ती दोऱ्याला गाठी मारून लक्षात ठेवी. मोहल्ल्यातल्या कोणत्या बाईचा खांदा कसा आहे आणि कुणाचा दंड यंदा भरला, हे तिला तोंडपाठ असे.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सतराव्या वर्षी तिचं लग्न अमरावतीला ठरलं. मुलगा शाळेत मास्तर होता. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, आणि बोलणी करायला आलेली माणसं लग्नापेक्षा त्याबद्दलच जास्त बोलली, एवढं मला आठवतं.

जोडवी घ्यायला बाबा आम्हा दोघींना सराफ्यात घेऊन गेले. सोनार कपाटात जोडवी शोधत होता. शोधताना त्यानं एक पितळी ताट बाहेर काढून आमच्यासमोर ठेवलं. त्यात दहाबारा टाक होते. ताईनं एक उचलला, मग दुसरा, मग तिसरा. दोन ठिपके, एक रेघ, अंगाशी चिकटलेले हात. सगळे अगदी आईच्या गळ्यातल्यासारखे.

"हे कोनाचे हायेत?" ताईनं विचारलं.

"कोनाचेच नाई अजून," सोनार म्हणाला. "ज्याले लागते थो नेते."

ताईनं ते ताटात ठेवून दिले. जोडवी पाहिली, बोटात घालून पाहिली, चांगली आहेत म्हणाली. घरी आल्यावर मात्र ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. आधी मला वाटलं की लग्नामुळे असेल. मग अंगणात कपडे वाळत घालताना तिनंच मला सांगितलं. लहानपणापासून आई तिला मांडीवर घेई तेव्हा तिचं तोंड बरोबर त्या टाकासमोर येई. तो तिच्या आईचा चेहरा आहे असं ती समजत होती. तिच्या आईकडे पाहून कुणीतरी तो घडवला असेल, असं तिला वाटत होतं.

त्या काळी आमच्या घरांत फोटो नसत. तिच्या आईचाही नव्हता. कपडे गोरगरिबांना वाटून टाकले होते. दागिने आधी आत्याकडे आणि मग शेतीत गेले. चार वर्षांच्या संसाराचं काहीही उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन बसल्यावर ताई त्यांच्यासमोर जाऊन बसली. "बाबा, माही माय दिसाले कशी होती?"

"चांगली होती," बाबा म्हणाले.

"चांगली म्हंजे कशी?"

बाबांनी टॉवेलनं पुन्हा तोंड पुसलं. मग म्हणाले, "खरं सांगू का बाई, मले तिचं तोंड आता दिसत नाई. आठवाले गेलो का इचंच येते." आणि त्यांनी चुलीकडे पाहिलं, जिथे आई भाकरी थापत होती. आईनं मान वर केली नाही.

लग्नाच्या तयारीसाठी आत्या येऊन राहिली होती. ताईनं तिलाही विचारलं. आत्या म्हणाली, गोरीपान होती. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, सावळी होती, पण नाक सरळ होतं. ताईनं तिसऱ्यांदा विचारलं नाही.

चौथ्या दिवशी आईनं मशीनवर फडकं टाकलं आणि बाबांना सांगितलं, "मी उद्या इच्या मामाच्या गावाले जातो. दोघी पोरी संग नेतो."

आत्या एकदम म्हणाली, "थे लोकं बोलत नाईत आपल्यासंग."

हे खरं होतं. ताईची आई गेल्यावर तिच्या माहेरच्यांनी तिची धाकटी बहीण बाबांना देऊ केली होती. बाबांनी नाही म्हटलं आणि माझ्या आईशी लग्न केलं. तेव्हापासून दोन्ही घरांचं येणंजाणं बंद होतं. पंधरा वर्षांत ताईनं मामाला एकदाही पाहिलं नव्हतं.

"मामा नसन तं पोरीले मांडवात कोन आनीन?" आई म्हणाली. "मी तं पत्रिका द्याले जातो."

बाबा एवढंच म्हणाले, "उन्हाच्या आधी निघा."

आम्ही मोटारीनं बार्शीटाकळीपर्यंत गेलो. तिथून पुढे बाजारातून परतणाऱ्या एका माणसानं आम्हाला बैलबंडीत घेतलं. चैत्र लागला होता. कापसाची पऱ्हाटी उपटून झाली होती आणि काळी शेतं भेगाळून मोकळी पडली होती. आईनं मांडीवर पिशवी धरली होती. त्यात पत्रिका, हळदकुंकू आणि मामीसाठी एक खण होता.

मामा ओसरीवर पोती शिवत बसले होते. मी त्यांना बरेच वयस्कर समजत होते, पण ते बाबांपेक्षाही लहान निघाले. ओळख सांगावी लागली नाही. त्यांची नजर आधी आईच्या गळ्यातल्या टाकावर गेली, मग ताईवर. सुई पोत्यात तशीच खुपसून ते उठले.

"काहून आल्या?" ते म्हणाले.

काहून म्हणजे का; पुण्याकडच्या माणसाला हा अपमान वाटला असता. आमच्याकडे तो साधा प्रश्न आहे. पण त्या दिवशी तो साधा नव्हता.

आईनं पत्रिका पुढे केली. "पोरीचं लगन हाय. तिले मांडवात तुमालेच आना लागन. अन् दुसरं म्हंजे तिले तिची माय पाह्याची हाय. आमच्या घरी कोनाले काई आठवत नाई."

मामांनी पत्रिका घेतली, पण वाचली नाही. मामी पाणी आणि गूळ घेऊन आल्या.

"फोटो नाई आमच्याकडं," मामा शेवटी म्हणाले.

"मले ठाऊक हाय."

"अन् हे जे तुमच्या गळ्यात हाय, थे काई तिचं तोंड नोहे."

"थेही ठाऊक हाय," आई म्हणाली. "सोनाराकडं ताटभर असतात."

मी ताईकडे पाहिलं. ताई आईकडे पाहत होती.

मामी आत गेल्या. मडक्यांची उतरंड हलवल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यात गुंडाळलेलं एक फडकं होतं. फडक्यात खणाची चोळी होती. मूळ रंग जांभळा असावा, आता तो विटून विटकरीकडे गेला होता. किनारीचा पिवळा रंग मात्र टिकून होता. मामींनी सांगितलं की ताईची आई शेवटची माहेरी आली तेव्हा ही चोळी वाळत घातलेली राहून गेली. पुढच्या खेपेला नेईन म्हणाली होती. सासूबाईंनी, म्हणजे ताईच्या आजीनं, ती जपून ठेवली आणि मरताना मामींच्या हवाली केली.

ताईनं चोळी हातात घेतली, पण तिला तिचं काय करावं हे कळेना. तिनं ती नाकाशी नेली. नुसत्या पाल्याचा वास होता. तिनं ती आईकडे दिली.

आईनं पदर सारखा केला, चोळी मांडीवर पसरली आणि गिऱ्हाइकाची चोळी पाहावी तशी पाहू लागली. आधी आतून, मग बाहेरून. बाहीत मूठ घातली. पाठीवर वीत ठेवली, मग बोटं मोजली.

"लहान चनीची होती," ती म्हणाली. "माह्यापेक्षा चार बोटं तरी लहान. पाठ अरुंद हाय."

मग तिनं शिवण उजेडाकडे धरली. "हे मशीनवरची नोहे. हातची हाय. अन् टाके उलटे पडेल हायेत." तिनं मामांकडे पाहिलं. "डाव्या हातानं शिवे का थे?"

"हो," ते म्हणाले. "डावरी होती. तुमाले कोनं सांगतलं?"

"टाक्यायनं."

"माय मारे तिले त्याच्यापायी," मामा म्हणाले. "जेवताना तिचा डावा हात पदरानं बांधून ठेवे. थे उजव्या हातानं जेवे अन् हात सुटला का डाव्यानं खडे खेळे. माह्यासंग कधी हरली नाई."

आईनं चोळी पुन्हा फिरवली. दोन्ही खांदे एकमेकांवर ठेवले. ते जुळेनात. डावा खांदा बोटभर खाली कापलेला होता. आईचे हात तिथे थांबले. ताईच्या चोळ्या बेतताना ती डावा खांदा नेहमी बोटभर उतरता कापायची. तसं केलं नाही तर ताईची बाही वर चढे. शेजारच्या बायका म्हणत, लहानपणी कडेवर चुकीच्या बाजूला घेतलं असेल म्हणून झालं. आई ते ऐकून घेई.

तिनं ताईला जवळ बसवलं आणि चोळीचा खांदा तिच्या खांद्यावर धरला. मामींनी तोंडाला पदर लावला.

"अन् हे पाहा," आई म्हणाली आणि तिनं काखेजवळची जागा दाखवली. "इथं उसवून पुन्हा शिवली. अंग भरलं होतं तिचं. तू पोटात होती तवाची हाय हे."

त्यानंतर मामा बोलू लागले आणि थांबेनात. ताईची आई पोहायला भीत असे, पण विहिरीच्या कठड्यावर चालून दाखवी. तिला कारल्याची भाजी आवडे. लग्न ठरल्यावर तिनं दोन दिवस मामांशी बोलणं टाकलं, कारण मुलगा पाहायला तेही गेले होते आणि त्यांनी घरी येऊन तो बोलत नाही एवढंच सांगितलं होतं. हे ऐकून आई हसली. बाबा खरंच फार बोलत नसत. मामाही हसले, आणि मग एकाएकी उठून गोठ्याकडे गेले. बऱ्याच वेळानं परत आले.

निघताना आईनं विचारलं, "चोळी पोरीले देता का?"

मामींनी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "नाई. एवढीच निशानी हाय आमच्या घरी. मी लग्नाले येतो, पन हे राहू द्या."

मला राग आला. आईला आला नसावा. तिनं मामींकडून सुताचा दोरा मागून घेतला आणि चोळीचं माप घेतलं. खांद्याला एक गाठ, पाठीला दोन, बाहीला तीन. दोरा बोटाला गुंडाळून तिनं कमरेला खोचला.

परतताना बंडीत ताईनं विचारलं, "तुले कवापासून माहीत होतं का हे तिचं तोंड नोहे?"

"बांधला त्याच दिशी," आई म्हणाली. "माह्या मावशीच्या गळ्यात असाच होता."

"मंग काहून घातला इतके वर्सं?"

आईनं शेताकडे पाहिलं. "पहिल्यानं आत्याबाईले भेऊन. मंग तू माह्याजवळ राह्याले लागली. तू मोठी हट्टी होती. तुले माराले वाकली का हे पुढं येऊन लोंबे. मंग हात उठत नसे." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "इले लय मारलं."

हे खरं होतं. मला मार मिळे, ताईला नाही. तोवर मी त्याचं कारण वेगळं समजत होते.

आईनं हिरवा खण आणून त्या दोऱ्यावरच्या मापानं लग्नाची चोळी बेतली. ताईला ती पाठीत आवळ झाली, तेव्हा दोन्ही बाजूंनी दोन बोटं वाढवावी लागली. खांदा मात्र तसाच ठेवला. आत्या म्हणाली की मेल्या बाईच्या मापाची चोळी बोहल्यावर चालत नाही. आई म्हणाली, "कापड तं नवं हाय," आणि मशीन फिरवत राहिली. मामा आले, ताईला हाताला धरून मांडवात घेऊन आले, बाबांशेजारी पंगतीला बसले. दोघं फारसं बोलले नाहीत. वाढणाऱ्याला मात्र दोघांनीही एकमेकांना आणखी वाढायला सांगितलं.

पुढे सहा वर्षांनी मी कॉलेजसाठी अमरावतीला ताईकडे राहायला गेले. त्या उन्हाळ्यात मामा वारल्याचं कळलं, तेव्हा आम्ही दोघी भेटायला गेलो. मामी आधीच्या वर्षीच गेल्या होत्या. घरात आता त्यांच्या दोन सुना होत्या. ताईनं चोळीची चौकशी केली. थोरलीला काही माहीत नव्हतं. धाकटी म्हणाली, उतरंडीत जुनी फडकी होती ती सगळी गोधडीत घातली.

गोधडी ओसरीवरच अंथरलेली होती आणि तिच्यावर धाकटीचं चारपाच महिन्यांचं मूल झोपलं होतं. त्याच्या पायांशी पिवळ्या किनारीचा एक तुकडा होता, वीतभर. ताईनं तो पाहिला. मीही पाहिला.

"मागू का?" मी हळूच विचारलं.

"नको," ताई म्हणाली. "लेकरू झोपलं हाय."

निघेपर्यंत ती ओसरीवरच त्या मुलाजवळ बसून माश्या वारत राहिली.

अमरावतीला आल्यावर तिनं भावजींकडून शाळेची एक कोरी वही मागून घेतली. मामांनी त्या दिवशी जे जे सांगितलं होतं ते ती लिहायला बसली. मला म्हणाली, तुला आठवतं ते सांग. पुष्कळ गोष्टी जुळल्या. काही जुळल्या नाहीत. खडे खेळताना कधी हरली नाही, असं मामा म्हणाल्याचं मला आठवत होतं. ताईच्या मते ते विटीदांडूबद्दल बोलले होते. कारल्याबद्दल आमचं एकमत झालं. डावखुरेपण तिनं पहिल्याच ओळीत लिहिलं. त्याच्या खाली तिनं लिहिलं, 'ती उंच होती.'

मी म्हटलं, "उंच कशी असेल? आईनं चोळी मोजून सांगितलं होतं, लहान चणीची होती."

"तुले काय आठवते? तू अकरा वर्सांची होती."

"आणि तू सतरा. तुझी लग्नाची चोळी पाठीत वाढवावी लागली होती, ती कशामुळे?"

ताईनं ते वाक्य खोडलं नाही. तिची वही होती आणि तिची आई होती, म्हणून मी पुढे बोलले नाही.

त्या हिवाळ्यात ताईच्या दुसऱ्या मुलीच्या बारशाला आई अमरावतीला आली. बारसं झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाळाचं झबलं शिवत उन्हात बसली होती. ताईनं वही आणली आणि तिला वाचून दाखवू लागली. पहिली ओळ ऐकून आईनं मान हलवली. दुसरी ओळ आली तशी तिची सुई थांबली. तिनं ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीतरी बोलणार होते.

"पुढं वाच," आई ताईला म्हणाली आणि तिनं सुई पुन्हा कापडात घातली.